हळदीवरून चालायचा नियम

माज्या शिवहारनं पुण्याहून भाडेकरूसाठी नियमांचा कागद पाठवला. नळाला पाणी आलं की आधी मालकिणीनं भरायचं, पाहुणे आणायचे न्हाईत, असे चौदा नियम. पंधरावा एकट्या माज्यासाठी. मायनं भाडेकरूला कहाण्या सांगायच्या न्हाईत.

"काहून रे?" म्या फोनवर इचारलं.

"माय, तीन भाडेकरू पळाले. पहिल्याला तू सांगितलं की तुज्या सासूनं ह्याच खोलीत वाघ बांधला व्हता!"

"बांधलाच व्हता. जरा लहान व्हता, येवढंच."

"आता चौथा टिकला न्हाई तर वसमतच्या घराला कुलूप, आन् तू पुण्याला. एकटी ऱ्हायचं न्हाई."

शिवहार अकराव्या मजल्यावर ऱ्हातो. तिथून खाली कुणाला हाक मारली तर हाक पोचेस्तोवर त्या माणसाचं वय व्हतंय. म्या मुकाट कबूल केलं.

चौथी आली सपना. कृषी खात्यात नोकरी, वरून मोठ्या परीक्षेचा अभ्यास. कागद तिनं भिंतीला चिकटवला. पोरगी गुणाची, मी रोज तिला भाकरीचा डबा बी देऊ लागले. पण हट्टा गावच्या आमच्या शेतातून शिजवलेली हळद आली, ती म्या अंगणभर वाळू घातली. कडेनं वाट सोडली व्हती. तरी ही बाई हापीसाच्या घाईत चपलेसकट हळदीवरून!

"पोरी, चपला!"

"आजी, कागदात कुठं लिहिलंय?"

रागवावं तर खोली सोडल, आन् मी अकराव्या मजल्यावर. मंग माजी जीभ आपोआप वळली.

"तसं न्हाई गं. वाळत्या हळदीवरून बिनलग्नाचं माणूस चाललं की वर्षाच्या आत त्याचं लगीन व्हतं. माजी नणंद कोंबडं हाकलायला चढली, पंधरा दिवसांत तिचं जमलं. कोंबड्याचं बी."

सपनाला लगीन नकोच व्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती कडेच्या वाटेनं बी जाईना. "एखादं हळकुंड पायाखाली आलं तर?" म्हणून कुंपणाच्या भिंतीवरून उडी! मी रोज भिंतीवरूनच डबा देऊ लागले.

शेजारच्या सत्यशीलानं तिला उडी मारताना पाहिलं आन् कारण इचारलं. झालं! सत्यशीलाचा पोरगा हनुमान चौतीस वर्षांचा, बारा एकर ओलिताची, पण नोकरी न्हाई म्हणून कुणी पोरगी देईना. सकाळी सत्यशीला त्याला दंडाला धरून घेऊन आली. "नर्मदाबाई, दोन फेऱ्या मारू दे लेकराला."

खोटं हाय म्हणावं तर सपनाला कळणार, ती शिवहारला सांगणार. म्या दात-ओठ खाल्ले. "मार बाबा. पर चपला काढ!"

तीन दिवसांत पार आखाडा बाळापूर गावापासून पोरं मोटारसायकलीवर येऊ लागली. तीनशे पोरं. बरं, तीस. काही पांढऱ्या बनेनी घालून आलेले, काही नवी इजार वर खोचलेले. एकजण तर आजोबाला घेऊन आला. "ह्यांचं बी बघा, माजी आजी वारून दोन वर्सं झाली." हळद निवडू का ह्यांचे पाय बघू? वरडून वरडून माजा घसा बसला.

सपना भिंतीवरून म्हणाली, "आजी, पाहुणे आणायचे नाहीत, हा नियम माझ्यासाठीच आहे का? अभ्यास होत नाही माझा. रविवारी शिवहारदादा येणार आहेत ना, त्यांच्याशी बोलते."

माजं गाठोडं बांधायचं तेवढं राहिलं.

रविवारी शिवहार फाटकात उतरला. अंगणात पोरांची रांग. "माय, हे काय?" मंग सपनाकडं वळला. "ताई, खरं सांगा. मायनं काही कहाणी सांगितली का?"

सपना भिंतीवर बसलेली. मी डबा घेऊन खाली उभी. तिनं डब्याकडं पाहिलं, माज्याकडं पाहिलं.

"नाही हो दादा. हे प्रात्यक्षिक चालू आहे. अनवाणी पायांनी हळकुंडाला मशीनपेक्षा जास्त चमक येते. पदपॉलिश म्हणतात. दुबईला फार मागणी आहे."

माजं पोरगं सातवीपासून पुण्याला शिकलं, हळद त्यानं भाजीतच पाहिलेली. त्याचे डोळे चमकले. "वा! माय, असं काही करत जा की!" त्यानं बूट काढले, मोजे काढले, आन् रांगेत उभा राहून तीन फेऱ्या मारल्या. फोटो काढून राधिकाला, माज्या सुनंला, पाठवले. सपना खोली सोडणार न्हाई, हे दोनदा इचारून खुशीत पुण्याला गेला.

सपना भिंतीवरून उतरली. "आजी, उद्यापासून फाटक बंद. आणि वाघ किती मोठा होता?"

मी सांगणार, तेवढ्यात सत्यशीला तोंडाला पदर लावून आली. "नर्मदाबाई, शिवहारचं तर लगीन झालंय ना? तीन फेऱ्या मारल्या त्यानं! म्या आत्ताच राधिकाला फोन करून सांगितलं, जप म्हणलं बाई."

तवापासून राधिकाचा फोन वाजून राहिला. बारा वेळा वाजला. तेराव्या बारीला म्या तो सपनाच्या हातात दिला.

"घे बाई, तूच सांग."