बिनआवाजाची गाडी

कानिफनाथ मागच्या सीटखाली हात घालून जाळी चाचपत होता. बोटांना धूळ लागली. ती त्यानं पँटला पुसली आणि गुडघ्यावर बसूनच विचारलं,

"ही किती दिवसांनी साफ करता?"

"महिन्या-दोन महिन्यांनी," हनुमंतराव म्हणाले. "बॅटरीला हवा तिथूनच जाती. गेल्या उन्हाळ्यात धुळीनं भरली, तर आतला पंखा घरघरायला लागला. सर्व्हिसिंगवाला म्हनतो, शहरात असं होत न्हाई. म्हटलं, बाबा, गाडी सोनईतच राहनार हाय."

शोभाबाई पोर्चमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. हातातला चहा निवत आला होता. राहात्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळं तालुक्यात त्यांना सगळे बाईच म्हणत. कानिफनाथ त्यांचा ड्रायव्हर. खरं तर त्यांच्या यजमानांचा, डॉक्टरांचा. एकोणीस वर्षं त्यानं डॉक्टरांची गाडी चालवली. डॉक्टर जूनमध्ये गेले. आता डिसेंबर होता, आणि बाईंना ती डिझेल गाडी काढून हायब्रीड घ्यायची होती. म्हणजे तसं पुण्याहून मुलगी ईरा म्हणत होती, जावई अनीश म्हणत होता, आणि बाई नाही म्हणत नव्हत्या. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांचे फोन नंबर अनीशनं मिळवून दिले होते. हनुमंतराव त्यातले पहिले. त्यांचा कांद्याचा व्यापार होता.

"डिकी लहान," हनुमंतरावांनी सांगितलं. "बॅटरीनं जागा खाल्ली. पन पेट्रोल म्हनाल तर गावात जास्त परवडती, हायवेला कमी. उलटं हाय हिचं. पंपावरचा मानूस विचारत हुता, शेठ, गाव सोडलं का म्हनून."

बाई किंचित हसल्या. हसायची जागा आहे हे कळून हसावं, तसं.

"आणि आवाज?" त्यांनी विचारलं.

"आवाज न्हाईच. तीच तर पंचाईत. रस्त्यातली कुत्री उठत न्हाईत. आमची मंडळी म्हनते, तुमी कधी गेलात ते कळतच न्हाई."

बाईंनी कप खाली ठेवला. हनुमंतरावांनी बाहेर उभ्या असलेल्या डिझेल गाडीकडे पाहिलं.

"तुमची बी चांगली दिसती की. कशाला काढता?"

"जुनी झाली," बाई म्हणाल्या.

कानिफनाथनं मान खाली घालून सीट पुन्हा जागेवर बसवली. डॉक्टर त्या गाडीतच गेले होते, मागच्या सीटवर. बाई त्या दिवशी पुण्यात ईराकडे होत्या. सकाळी डॉक्टरांच्या छातीत कळ आली. त्यांनी स्वतःच नाडी पाहिली, गोळी जिभेखाली ठेवली आणि म्हणाले, कानिफ, नाशिकला घे. नाशिकला दवाखान्याच्या दारात त्यानं मागचं दार उघडलं, तेव्हा त्याला कळलं.

नंतरच्या तेरा दिवसांत त्याला सगळ्यांनी विचारलं. किती वाजता निघालात, वाटेत कुठं थांबलात, ट्रॅफिक होतं का. तो प्रत्येकाला तेच सांगत गेला, आणि सांगता सांगता ते दुसऱ्या कुणाचं तरी झालं. आता त्याचे हात गाडी चालवत, तोंड उत्तरं देई, जेवण पोटात जाई. बायको सविता म्हणायची, तुमाला हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ऐकू येती.

बाईंनी मात्र त्याला कधीच काही विचारलं नव्हतं.

निघण्याआधी हनुमंतरावांनी त्याला एक चक्कर मारायला दिली. परत आला तेव्हा त्याचा डावा पाय अवघडला होता. क्लच नव्हता, गिअर नव्हता. अख्ख्या रस्त्यात त्या पायाला काही कामच नव्हतं.

"कशी आहे?" डिझेल गाडीत त्याच्या शेजारी बसत बाईंनी विचारलं.

"चांगली हाय," तो म्हणाला. एवढंच.

*

पुणतांब्याला घरी त्यानं सविताला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

"म्हंजी क्लच न्हाई, गिअर न्हाई. मग बाई बी चालवू शकती."

"व्हय."

"तुमी सांगितलं तिला?"

"न्हाई अजून."

"ईरा तेच म्हनत आसंल. आई, तूच शिक, ड्रायव्हर कशाला." सवितानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "आता कुठं जानं-येनं हाय बाईला? आठवड्याला एकदा बाजार, महिन्याला पुनं. सांगा की, बॅटरीचं काय खरं न्हाई म्हनून. खोटं थोडंच हाय? त्या कोपरगावच्या वकिलाची गाडी आठ दिस उभी ऱ्हायली तर चालूच झाली न्हाई म्हनं."

ते खरं होतं. कोपरगावच्या वकिलानं फोनवर बाईंना तसं सांगितलं होतं. मोठी बॅटरी ठणठणीत, पण साधी, लहान बॅटरी उतरली आणि दारसुद्धा उघडेना.

"बघू," कानिफनाथ म्हणाला.

"मी वाईट म्हनून बोलत न्हाई," सविता म्हणाली. "तुमी दुसरं काय करनार, ते मला दिसत न्हाई."

त्यालाही दिसत नव्हतं. पण त्याची भीतीही वाटत नव्हती, आणि हेच त्याला थोडं चमत्कारिक वाटलं.

*

चार दिवसांनी ते श्रीरामपूरला गेले. तिथं आरती मॅडम एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, बाईंच्या ओळखीतल्या. दोन वर्षांपासून स्वतः हायब्रीड चालवत होत्या. शाळेच्या आवारात गाडीला टेकून त्यांनी बाईंना व्यवस्थित समजावलं. बॅटरीची आठ वर्षांची हमी असते, पण वर्षातून एकदा ती तपासून घ्यावी लागते, ते चुकवलं तर हमी जाते. पहिले दोन महिने प्रत्येक सिग्नलला वाटायचं, गाडी बंद पडली. लांबच्या रस्त्याला बचतीचं फार कौतुक नाही. मग कशाला घेतली, असं लोक विचारतात.

"मग कशाला घेतलीत?" बाईंनी विचारलं.

आरती मॅडमनी जरा विचार केला. "दिवसभर शाळेत कलकल असते हो. गाडीत बसलं की शांत वाटतं."

तेवढ्यात शिपाई सांगायला आला, पालक येऊन बसलेत. मॅडमनी किल्ली कानिफनाथच्या हातात दिली. "बाईंना बेलापूर रस्त्यानं फिरवून आणा. माझी अर्धा तास तरी सुटका नाही."

कानिफनाथनं पुढचं डावं दार उघडलं. जूनपासून बाई मागं बसल्या नव्हत्या, हे त्याच्या हातालाही माहीत झालं होतं. बाई दोन पावलं आल्या, थांबल्या. मग त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या.

त्यानं पुढचं दार लावलं.

गाडी आवारातून बाहेर पडली. बटण दाबलं होतं, डॅशबोर्डवर दिवे होते, चाकं फिरत होती, पण इंजिन लागलंच नव्हतं. टायरखाली खडी चुरचुरली. बाजाराची गर्दी मागं पडली. दोन्ही बाजूंना उसाची शेतं आली, कुठं तोड झालेलं मोकळं रान. त्याला मागून बाईंचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली, तेही ऐकू आलं. आरशात पाहायचं त्यानं टाळलं.

"कानिफ."

"जी."

"मी हळू बोलतेय. ऐकू येतंय तुला?"

"येतंय, बाई."

एक चढ आला, इंजिन आपोआप सुरू झालं, चढ संपल्यावर आपोआप बंद पडलं.

"त्या दिवशी ते काही बोलले का?"

हा प्रश्न कधीतरी येणार, हे त्याला ठाऊक होतं. पहिला महिनाभर त्यानं उत्तरही तयार ठेवलं होतं. तुमचं नाव घेतलं, असं सांगायचं. पुढं प्रश्न आलाच नाही, आणि उत्तर कुठंतरी पडून राहिलं. आता ते त्याला सापडेना.

"पाथऱ्याला म्हनले, काच जरा खाली घे. मी घेतली. एसी बंद केला."

"मग?"

"मग वावीच्या अलीकडं काहीतरी म्हनले." त्यानं स्टिअरिंगवरची पकड बदलली. "काच उघडी. शेजारून ट्रक चालला हुता. आपल्या गाडीचा तुमाला ठावं हायच आवाज. मला कळलं न्हाई काय म्हनले ते. मी म्हनलं, काय साहेब? तर पुन्हा बोलले न्हाईत. मला वाटलं, डोळा लागला."

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. का घेतली, ते त्यालाही कळलं नाही. गाडी थांबली. शेजारच्या रानात विहिरीवरची मोटर चालू होती, तिचा बारीक घूं घूं आवाज आत येत राहिला.

"थांबायला पायजे हुतं मी," तो म्हणाला. "थांबून मागं वळून इचारायला पायजे हुतं. नाशिक गाठायचं म्हनून रेटीत ऱ्हायलो."

एवढं तो सहा महिन्यांत कुणालाच बोलला नव्हता. सवितालाही नाही. बोलून झाल्यावर आपल्याला काहीतरी होईल असं त्याला वाटलं, पण काही झालं नाही. समोरच्या काचेवर उसाच्या पाचटाचा एक तुकडा येऊन चिकटला होता. तो त्याकडे पाहत राहिला.

"किती वाजले असतील तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"अकरा. सव्वाअकरा म्हना."

"सव्वाअकराला त्यांचा मला फोन आला होता."

आता त्यानं आरशात पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. आवाज वर्गात उदाहरण समजावताना असतो तसाच होता, सरळ.

"मी ईराच्या मुलीला आंघोळ घालत होते. बाहेरच्या खोलीत वाजलेला ऐकला मी. म्हटलं, हात ओले आहेत, मागून करू. नंतर तिची वेणी घातली, तिला खाऊ घातलं, आणि विसरले. साडेबाराला तुझाच फोन आला."

मोटर बंद झाली. पाटातून पाणी वाहत असल्याचा आवाज तेवढा उरला.

"ईराला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कुणालाच नाही."

कानिफनाथनं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"तेव्हा तू ऐकलंस ते तुझ्याशी नसेल," बाई म्हणाल्या. "फोन कानाला लावून बसले असतील. मी उचलला नाही म्हणून काही म्हणाले असतील. त्यांची सवयच होती, रिंग वाजत असताना बोलायची."

"व्हय," तो म्हणाला. ही सवय त्यालाही ठाऊक होती. उचल बाबा, उचल, असं डॉक्टर कंपाउंडरला फोन लावतानाही म्हणत.

कानिफनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्याला आधी वाटलं, धूळ गेली. त्यानं बाहीनं पुसलं. मागं बाईंनी नाक ओढलं. कुणी कुणाकडं वळून पाहिलं नाही. एक मोटारसायकल शेजारून गेली, चालवणारा वाकून आत पाहत गेला.

"चल," थोड्या वेळानं बाई म्हणाल्या. "आरतीबाई वाट पाहत असतील."

*

आरती मॅडमनी विचारलं, कशी वाटली.

"चांगली आहे," बाई म्हणाल्या. "घेईन."

राहात्याकडे परतताना ऊन कललं होतं. डिझेल गाडीचा नेहमीचा धडधडाट, आणि बाई पुढं बसलेल्या. कानिफनाथच्या मनात सविताचं बोलणं येऊन गेलं. कोपरगावचा वकील, उतरलेली बॅटरी. अजून सांगता आलं असतं.

"बाई, त्या गाडीला क्लच न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

त्यानं आवाज चढवला. "क्लच न्हाई म्हनलं. गिअर टाकावं लागत न्हाई. तुमाला सोताला चालवता येईल."

बाईंनी मान डोलावली. "ईरा म्हणत होती तसं." मग विचारलं, "मला शिकायला किती दिवस लागतील?"

दोन महिने, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. दोन महिन्यांवर त्यांनी वाद घातला नसता.

"आठ दिवस," तो म्हणाला. "तुमाला आठ दिवस पुरं."

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. उसाच्या शेंड्यांची वाढं लोंबत होती, रस्त्यावर घासत होती. बाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"मला वर्ष लागेल," त्या म्हणाल्या.

समोरून कुणी येत नव्हतं. ओव्हरटेक करायला जागा होती. कानिफनाथनं गिअर उतरवला आणि ट्रॉलीच्या मागं मागं गाडी चालवत राहिला.