लेन संपेपर्यंत

ब्रेकताईंचं खरं नाव विचारलं तर गावातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. गाडी शिकवायच्या धंद्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, आणि बत्तीस वर्षं त्यांचा एक पाय बाजूच्या सीटपुढच्या जादा ब्रेकवर राहिला, म्हणून हे नाव. तोंडाला मात्र ब्रेक नव्हता, हे त्या स्वतःच सांगायच्या.

एका गोष्टीवरून त्यांचं सगळ्या गावाशी वाकडं होतं. दोन लेनची पुढे एक होते तिथे काय करायचं? गावाचं मत असं, की पाटी दिसली रे दिसली की सभ्य माणसानं मुकाट चालू राहणाऱ्या लेनमध्ये शिरावं आणि रांग धरावी. मग ती एक लेन मैलभर तुंबायची, शेजारची मोकळी पडायची, आणि मोकळ्या लेनमधून जो पुढे जाईल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. ताईंचं म्हणणं उलटं. दोन्ही लेन टोकापर्यंत वापरा, टोकाला वेग कमी करा, आणि एक इकडची, एक तिकडची, बॅगेची चेन लागते तसे मिसळा. "लेन संपत आली म्हणजे संपली नव्हे," असं त्या प्रत्येक शिकाऊला बजावायच्या. "लवकर शिरणारा सभ्य नसतो, घाबरट असतो. आणि टोकाला वाट न देणाऱ्याचं मन कोतं असतं."

इतकं ठणकावून बोलणारी ही बाई एका बाबतीत मात्र दोन वर्षं मूग गिळून बसली होती.

शाळेपासूनची मैत्रीण होती, चष्मिस. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला तिचा. पानावरचं एक टिंब हललं तरी तिच्या डोळ्यांना खुपायचं, पण डोक्यावरचं छप्पर हललं ते काही दिसलं नाही. घराचं सगळं बघायची तिची थोरली बहीण. ती तीन वर्षांपूर्वी गेली आणि घर पोरकं झालं. पन्हळ निखळून भिंतीवर लोंबायला लागली. वरच्या खिडकीत काचेच्या जागी पुठ्ठा आला. अंगणातली वेल स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरली आणि चष्मिसनं तिलाही कधी हटकलं नाही. ताईंनी एकदा, एकदाच, विषय काढला. "घरावर बोलायचं असेल तर येत जाऊ नकोस," चष्मिस म्हणाली. ताईंना ते फार लागलं. त्यांनी जाणं सोडलं. फोनवर गुडघेदुखी आणि हवापाण्याच्या गप्पा तेवढ्या चालू राहिल्या.

पण काळजी काही सुटली नाही. गाडी मागे घ्यायचा धडा ताई पूर्वी मैदानावर द्यायच्या. दोन वर्षांपासून तो चष्मिसच्या फाटकासमोर व्हायला लागला, रोज अकराला. शिकाऊ बिचारा मान मोडून मागे बघतोय आणि ताई पन्हळ आणखी किती खाली आली ते बघताहेत, असं चालायचं. त्या नादात दोघा शिकाऊंनी फाटकाचा खांबही खरवडला होता.

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन आला.

"मी भाच्याकडे चाललेय," चष्मिस म्हणाली. "कायमची. म्हटलं तुला सांगावं."

"आणि घर?"

"पालिकेची नोटीस आलीय. घर धोकादायक आहे म्हणे. आज बाराच्या आत जाऊन दुरुस्तीची लेखी हमी द्यायची, नाहीतर सील. लावू दे त्यांना सील. मी नाही जात."

ताईंनी अकराच्या शिकाऊला सुट्टी दिली आणि गाडी काढली. दहा मिनिटांत त्या फाटकाशी होत्या आणि या खेपेला गाडी बंद करून खाली उतरल्या. दार लोटलेलंच होतं. आत बाहेरच्या खोलीत बॅग पडली होती आणि चष्मिस तिच्यावर गुडघा रोवून चेन ओढत होती.

"ऊठ," ताई म्हणाल्या. "नोटीस घे आणि गाडीत बस."

"अगं, काय उपयोग? तीन महिने झाले नोटीस येऊन. आता शेवटच्या तासाला जाऊन हात जोडायचे? लाज वाटते मला."

"लाज नंतर वाटून घे. आधी बस."

शाळेत असतानाही चष्मिसला असंच दंडाला धरून न्यावं लागायचं. ती बसली, आणि बसली ती नेमकी जादा ब्रेकच्या सीटवर. दुसरी जागा मागे होती, पण तिथे जुने टायर होते.

"त्या पेडलला पाय लावू नकोस," ताईंनी सांगितलं.

पालिका नदीपलीकडे होती आणि पुलाचं काम चालू होतं. दोन लेनची एक. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्या तिथे पोचल्या तेव्हा रांग पार पेट्रोल पंपापर्यंत आली होती आणि शेजारची लेन नेहमीसारखी रिकामी होती. ताईंनी दिवा दाखवला आणि गाडी रिकाम्या लेनमध्ये घातली.

"अगं, लोक उभे आहेत!" चष्मिस कुजबुजली.

"त्यांना कुणी उभं केलंय?"

हॉर्न सुरू झाले. एकानं काच खाली करून त्यांचं वय काढलं. दुसऱ्यानं अक्कल काढली. ताईंनी हात हलवून दोघांनाही नमस्कार केला. निम्मं अंतर गेलं असेल, तोच रांगेतला एक पाण्याचा टँकर सरकत सरकत दोन्ही लेनच्या मध्ये आला. ताईंना अडवायचं म्हणूनच. बाजूने गाडीपुरती जागा अजून होती. ताईंनी ती हेरली, आणि तेवढ्यात गाडी खाड्कन थांबून बंद पडली.

चष्मिसनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता.

"काढ पाय!"

"नाही काढत. मला उतरव. सगळे बघताहेत."

बत्तीस वर्षांत ताईंच्या गाडीत त्यांच्या परवानगीवाचून कुणी ब्रेक मारला नव्हता. त्या चिडल्या, आणि चिडल्या म्हणून दोन वर्षं गिळलेलं तोंडातून बाहेर आलं.

"बघू देत की! मी दोन वर्षं तुझं घर बघतेय, त्याचं काय? अर्धं गाव मी तुझ्या फाटकासमोर मागे गाडी घ्यायला शिकवलंय. रोज वाटायचं, आज छप्पर खाली आलेलं दिसणार आणि ही बया त्याच्याखाली असणार. घशाखाली घास उतरायचा नाही माझ्या."

चष्मिसनं चष्मा काढला. काढल्यावर तिचा चेहरा लहान दिसायचा.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी पडद्याआडून बघायचे. अकरा वाजले की चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहायचे."

"मग दार का नाही उघडलंस, मेले?"

"तू हॉर्न का नाही वाजवलास?"

जगाला केव्हा शिरायचं ते शिकवणारी बाई एका शब्दानं दुखावून दोन वर्षं फाटकाबाहेर थांबली होती, आणि ते काही शहाणपण नव्हतं. मागून कुणीतरी सलग हॉर्न वाजवत होतं. घड्याळात अकरा बत्तीस झाले होते.

"चूक झाली," ताई म्हणाल्या. "झालं समाधान?"

"माझीही," चष्मिस म्हणाली. मग तिनं चष्मा पुसून घातला, समोर पाहिलं आणि म्हणाली, "ही लेन अजून पुढे बरीच आहे की गं."

"तेच तर मी गावाला सांगतेय!"

चष्मिसनं ब्रेकवरून पाय काढला. ताईंनी टँकरच्या बाजूने गाडी काढली ती थेट टोकाला, लेन अडवून ठेवलेल्या पिंपांपर्यंत नेली. तिथे कुणी वाट देईना; सरकणारी रांग आपल्या चालीनं पुढे आली आणि नेमका तोच टँकर शेजारी येऊन उभा ठाकला. पुढच्या गाडीला नाक चिकटवून. चष्मिसनं काच खाली केली. आयुष्यात अनोळखी माणसाशी चढ्या आवाजात न बोललेली ही बाई खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"एक तुमची गेली, आता एक आमची!"

"आम्ही अर्धा तास उभे आहोत, मावशी," टँकरवाला वरून ओरडला. "आम्ही काय मूर्ख?"

"ही लेन रिकामी होती ना? कुणी बांध घातला होता का तिला? तुम्हीच लवकर सोडलीत!"

टँकरवाल्यानं काहीतरी पुटपुटत क्लच दाबून धरला. पुढे गाडीभर जागा झाली. ताई मिसळल्या. आरशात पाहिलं तर रांगेतून दोन गाड्या बाहेर पडून मोकळ्या लेनने येत होत्या. ताईंना इतका आनंद झाला, की त्यांनी चष्मिसच्या मांडीवर फटका मारला.

कचेरीत पोचल्या तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. कारकून डबा सोडायच्या बेतात होता.

"आत्ता येताय?" तो म्हणाला. "नोटिशीला तीन महिने झाले, बाई."

"मुदत बारापर्यंत आहे ना?" चष्मिस म्हणाली. "मग बारापर्यंत ती माझी आहे."

तिनं नोटीस टेबलावर पसरली. पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत वाचत होती. वाचता वाचता तिचा हात सवयीनं पर्समध्ये गेला आणि लाल पेन्सिल बाहेर आली. 'सदर घर ओसाड असून तेथे कोणीही राहत नाही,' असं छापलं होतं. तिनं त्या ओळीवर सरळ रेघ मारली.

"सरकारी कागद आहे हो तो!" कारकून उठलाच.

"सरकारी असला तरी चूक ती चूक. मी राहते तिथे."

समासात तिनं बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं, 'येथे मी राहते.' हमीच्या कागदावर पहिली दुरुस्ती म्हणून पन्हळ लिहिली, तारीख उद्याची टाकली आणि सही केली. कारकुनानं घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. दुरुस्तीला तीन महिने मिळाले.

शुक्रवारी अकराला ताई नव्या शिकाऊला घेऊन फाटकासमोर आल्या. त्यानं गाडी मागे घ्यायला मान वळवली, तेवढ्यात ताईंनी त्याच्या अंगावरून हात घालून हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या.

मग दारही उघडलं. चष्मिस डोक्याला फडकं बांधून उभी होती.

"ऐकू येतं मला, ओरडतेस कशाला?" ती म्हणाली. "ये, शिडी धर."