चक्राची मागची बाजू

चाळीस धम्मचक्रं मी मुद्दाम बिघडवली. चुकून नाय, घाईत नाय, अगदी ठरवून. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

मी संघरत्ना. सापगावात दिलेली. आमच्या पडवीत लाकडात नक्षी कापायचं मशीन आहे. स्क्रोल सॉ म्हणतात त्याला, आमी जाळीचं मशीन म्हणतो. शिलाई मशीनसारखं टेबल, मधे बारीक उभं पातं वरखाली नाचतं, आणि आपण प्लायचा तुकडा त्याच्यापुढे फिरवायचा. माझ्याइतका साफ काप अख्ख्या शहापूर तालुक्यात कोणाचा नाय, असं माझा नवरा सतीश येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. नवऱ्याचं नाव घेतलेलं सासूला आवडत नाय. पण आज घेणार, काय व्हायचं ते होऊ दे.

साफ काप, साफ काप करून त्यानं मला आठ वर्षं त्या स्टुलावर बसवलंय. मुरबाडला बायकांचं ट्रेनिंग सेंटर निघालं. तिथल्या नेहा मॅडमनी माझं काम कुठंतरी बघितलं आणि हेच मशीन शिकवायला मला बोलावलं. खिडक्यांची मोठी खोली, वीस बायका, आणि मला सगळ्या मॅडम म्हणणार! सोमवारी हजर व्हायचं होतं.

"जा ना," सतीश म्हणाला. "मी कुठं नाय म्हनतो? फक्त आटगावच्या विहाराची ऑर्डर होऊ दे."

हे 'फक्त' मी ओळखून होते. कल्याणहून कामाला बोलावलं होतं तेव्हा फक्त गणपतीची मखरं होऊ दे. त्याच्या आधी आसनगावच्या शाळेनं हस्तकलेला विचारलं, तेव्हा फक्त घरांच्या पाट्या होऊ दे. ऑर्डर संपली की गिऱ्हाईक म्हणायचं, वा, काय काप आहे! की लगेच दुसरी ऑर्डर. माझ्याच चांगल्या कामानं मला खुंट्याला बांधून ठेवलं होतं. मग म्हटलं, कामच चांगलं नाय झालं तर?

साफ काप येतो कसा, ते ऐका. पातं खाली ओढतं तेव्हा प्लायची खालची कड फाटते आणि तिथे कुसळं निघतात. म्हणून प्लायच्या खाली एक टाकाऊ फळी लावायची, वरून चिकटपट्टी मारायची. बारीक दातांचं पातं चांगलं ताणून बसवायचं, बोटानं छेडलं की टण्ण वाजलं पाहिजे. आणि तुकडा ढकलायचा नाय, नुसता वळवत न्यायचा. मग काय फाटायचं ते त्या टाकाऊ फळीचं फाटतं.

मी ती खालची फळीच काढली. पातं जाड दातांचं लावलं आणि तुकडा दाबून ढकलला. वरची चिकटपट्टी मात्र माझ्याच्यानं काढवेना. धम्मचक्र आहे ते, त्याचं तोंड कसं विद्रूप करणार? वंदनेला जोडते ते हात हेच ना! मग तोंड तसंच ठेवलं आणि पाठ बिघडवली. एका चक्राला आठ आरे, म्हणजे आऱ्यांमधे आठ खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीच्या मागच्या कडेला कुसळंच कुसळं. चाळीसच्या चाळीस तशीच कापली, शुक्रवारी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरली.

माझी सगळी भिस्त महादूमामांवर होती. विहाराच्या कमिटीचे ते. वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय घेत नाय तो माणूस. लग्नाच्या पंगतीत ताटसुद्धा उलटं करून बघतो! मामा बोंब मारणार, ऑर्डर मोडणार, सतीशची मान खाली जाणार, आणि तो म्हणणार, जा बाई, तुझं लक्ष नाय राहिलं कामात. एवढंच मला पाहिजे होतं.

शनिवारी मी कागदपत्रं द्यायला मुरबाडला गेले. सतीशनं स्वतः गाडीवरनं शहापूर स्टँडला सोडलं. वरनं म्हणाला, "उपाशी राहू नको, काहीतरी खा." मला क्षणभर लाज वाटली. पण त्या सेंटरची ती खोली बघितली, खिडकीतनं येणारा वारा अंगावर घेतला, आणि लाज कुठच्या कुठे गेली.

रविवारी सकाळी महादूमामा आले. खोकं उघडलं, चक्र काढलं, चष्मा वर केला. तोंड बघितलं. मग उलटं केलं. मामांनी अंगठा एकेका आऱ्यावरून फिरवला. दुसरं काढलं, तिसरं काढलं.

"मागनंबी लोण्यासारखं!" मामा म्हणाले. "पोरी, असा काप दुसरीकडं नाय बघितला. बुद्धपौर्णिमेला अजून साठ लागतील."

मी चक्र त्यांच्या हातातनं जवळजवळ हिसकावलंच. माझंच होतं. एका आऱ्यापाशी माझी पेन्सिल घसरली होती ती खूणही तिथेच. पण कुसळ एक नाय. मी सतीशकडे बघितलं, तर तो मामांची खोकी रिक्षात ठेवायला निघून गेला होता.

दुपारी जेवायला बसलो. सतीशनं भाकरी मोडायला हात लावला आणि पटकन मागे घेतला. मग डाव्या हातानं मोडायला लागला.

"काय झालं हाताला?"

"काय नाय गो."

"नाय कसं?" सासूबाई म्हणाल्या. "काल तू मुरबाडला गेलीस न् ह्यानं सगळी खोकी उघडून ठेवली. दिवसभर पॉलिशपेपर घेऊन घासत बसला. जेवलाबी नाय."

मी त्याचा हात ओढून बघितला. दोन बोटांच्या पेरांवरची कातडी पार गेली होती. त्या खिडक्यांत कुठलं घासायचं मशीन शिरत नाय. पॉलिशपेपरची घडी करून बोटानंच घासावं लागतं. चाळीस चक्रं, तीनशेवीस खिडक्या.

"तुमाला कधी कळलं?"

"गुरवारीच. खाली फळी असली की मशीनचा आवाज दबका येतो. आठ वर्सं ऐकतोय मी." तो हसला. काय म्हणून हसला कोण जाणे. "तुझं मन थाऱ्यावर नव्हतं. होतं माणसाचं. तू कसंबी काप, मागची बाजू मी घासत जाईन. तुला कोणी नावं ठेवलेली मला नाय चालायची."

असा संताप आला म्हणता! ताट भिरकावून द्यावं वाटलं. मेल्या, मला चोर म्हण ना! विचार ना का केलंस! माझं नाव वाचवायला निघालाय, आणि मला कोण वाचवणार? पण त्या बोटांकडे नजर गेली आणि ताटाला लावलेला हात मी मागे घेतला. सोमवारी मी गेले तर पौर्णिमेची साठ हाच कापणार, ह्याला काप जमत नाय, म्हणजे साठही हाच घासणार.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नेहा मॅडम.

"घे ना," सतीश म्हणाला.

"उद्या दहाला येताय ना?" मॅडमनी विचारलं. "बायका आत्तापासून तुमच्याबद्दल विचारतायत."

"नाय जमणार मॅडम."

"मग पुढच्या सोमवारी?"

"नाय. तुमी दुसरी कोणतरी बघा."

मी फोन ठेवला. सतीश माझ्याकडे बघत राहिला. खरोखरच त्याला नवल वाटलं होतं, त्यात खोट नव्हती.

"का गो नाय म्हनलीस? मी तर कधी अडवलं नाय तुला."

नव्हतंच अडवलं. एकदा जरी अडवलं असतं, ओरडला असता, दार लावून घेतलं असतं, तर ते दार लाथेनं उघडून मी गेले असते. मी त्याचं ताट माझ्यापुढे ओढलं आणि त्याची भाकरी आमटीत कुस्करून दिली.