मिठात राहिलेला हात

"काळ्या रे दगडा, तुझ्या पोटी जुना जाळ,
मीठ वाटता वाटता सरो दुपारचा काळ…"

हा आवाज केव्हाच थांबला. तरी दुपारी बार बंद असतो, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या असतात, तेव्हा तो मला ऐकू येतो. मित्रांनो, त्या ओवीतला दगड तो मीच. ज्वालामुखीच्या पाषाणातून कोरलेला, तीन आखूड पायांचा एक जुना खल. माझ्या अंगभर बारीक भोकं आहेत. त्यांत एकदा शिरलेलं सहजी बाहेर पडत नाही.

मी मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या एका बारमध्ये ताई काम शिकत होती. परतताना तिने निम्मे कपडे मागे ठेवले आणि मला पिशवीत घातलं.

"लोक तिकडून भेटी आणतात, तू धोंडा आणलास!" धाकटा भाऊ म्हणाला.

"बस की त्याच्या शेजारी. जोडी शोभेल," ताई म्हणाली.

आधी तिने माझ्यात तांदूळ वाटले. पहिलं पीठ माझ्या दगडी भुकटीने राखाडी निघालं. ते टाकून ती वाटतच राहिली, पांढरंशुभ्र निघेपर्यंत. मग दोघांनी गल्लीच्या टोकाला छोटासा बार काढला. रोज दुपारी ताई ती ओवी म्हणत जाड मीठ, सुकी मिरची आणि संत्र्याची वाळलेली साल माझ्यात वाटायची. लिंबाची फोड फिरवून ग्लासाची कड ओली करायची आणि त्या मिठात टेकवायची, पण अर्धीच.

शेजारचा न्हावी विचारायचा, "ताई, उरलेल्या कडेची हजामत केलीत काय?"

"ज्याला खारट नको त्याने पलीकडून प्यावं. सगळ्यांना एकच चव कशाला?"

लोक म्हणत, हिच्या मिठात काहीतरी आहे. ऐकून मी दगड असूनही फुलायचो. माझ्यासाठी तिचा नियम एकच होता. गरम पाणी, ब्रश, आणि साबण कधीच नाही.

पुढे ताई आजारी पडली. बत्ता उचलवेना, तेव्हा नुसता माझ्यावर हात ठेवून बसायची. अशाच एका दुपारी तिने भावाला आपल्या लेकीसाठी एक निरोप सांगितला. मी तो ऐकला. भावाने मान हलवली. ताई गेल्यावर मात्र त्याने तो गिळून टाकला. मित्रांनो, खलाला तोंड असतं, जीभ नसते.

ताईची लेक आली ती आईच्या जागी काउंटरमागेच उभी राहिली. खरं तर तिला तापलेली काच फुंकून भांडी घडवायला शिकायचं होतं. दूरच्या शहरातल्या भट्टीवरच्या उस्तादांनी तिची जागा राखून ठेवली होती. पण ती म्हणायची, "आई इथे आहे. मी कशी जाऊ?" आईचा एप्रन तिने खुंटीवरून काढला नाही. आईच्या स्टुलावर कुणाला बसू दिलं नाही. रोज दुपारी तीच ओवी, त्याच संथ लयीत. न्हावी एकदा दारातूनच परत फिरला. म्हणाला, "मला वाटलं, ताईच गातेय."

वाटताना तिला बत्त्यावर दुसरा एक हात जाणवायचा. तो मलाही जाणवायचा, गार आणि हलका. तिला वाटायचं, आई मला धरून ठेवतेय. मला ठाऊक होतं, तो हात धरत नव्हता, ढकलत होता.

मग उस्तादांचा फोन आला. या आठवड्यात ये, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. ती "नाही" म्हणाली आणि मीठ आणायला गेली. तेवढ्यात ताईच्या भावाने, तिच्या मामाने, मला मोरीत नेलं. साबण ओतला आणि घासत सुटला, डोळे मिटून.

ती आली, मीठ टाकून बत्ता फिरवला. माझ्या भोकांतून फेस वर आला.

"साबण?" तिचा आवाज चिरकला. "मामा, तू आईला धुऊन टाकलंस?"

"ताईचा वास गेला की तू जाशील असं वाटलं गं."

"मी जावं असं वाटतं, तर तोंडाने 'जा' म्हण ना! दगड कशाला घासतोस?"

नळ थेंब थेंब गळत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आमच्यात तुमची माणसं थोडी थोडी मुरलेली असतात. पण कुणाचा निरोप आमच्यापाशी ठेवून जाऊ नका. आम्ही तो सांभाळू. पोचवायचा मात्र तुम्हालाच.

मामाने ओले हात शर्टाला पुसले. भाचीकडे न बघता बोलू लागला.

"तुझी आई म्हणाली होती, 'माझ्यामागे पोरीला या बारमध्ये उभं करू नकोस. भट्टीवर धाड तिला. रडली तरी धाड.' मी नाही सांगितलं. तू तिथे पाठमोरी उभी असलीस ना, की अगदी ताई दिसतेस गं."