कोंबडीच्या हाडाचा निवाडा

रहिमतपुरात डॉक्टर पुष्कळ आहेत, पण कोंबडीच्या हाडातलं कळतं ते एकट्या बशीर मुलाण्याला. चाळीस वर्षं त्याचा सत्तूर हाडांवर पडतोय. तेव्हा लालासाहेब सुभेदार आणि त्यांची सून संयोगिता यांच्यातली पैज त्याच्या दुकानात आली, यात नवल नाही. नवल एवढंच, की सुभेदार सुनेशी पैज लावायला तयार झाले.

पलटणीतून निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी अंड्यांची पोल्ट्री काढली. दोन हजार कोंबड्या, पिंजऱ्यात, ओळीनं, जणू कायमच्या परेडला उभ्या. खायचं आणि अंडं घालायचं. पंख पसरायला काही जागा नाही. दीड वर्षानं कोंबडी अंड्याला थकली, की विकण्यासाठी बाहेर ओढताना तिचा पाय नुसत्या हिसक्यानं मोडायचा. संयोगिताला ते बघवेना. एका शिबिरात तिनं ऐकलं होतं, की टरफलाला लागणारा चुना कोंबडी स्वतःच्या हाडातूनही देते, आणि जिला चालायला-उडायला मिळत नाही तिचं हाड आणखीच ठिसूळ होतं. मग तिनं सासऱ्यांच्या मागं लागून रिकामी जुनी शेड पदरात पाडून घेतली. खाली भाताचं तूस, वर बसायला बांबूच्या दांड्या, आणि त्यात दोनशे कोंबड्या मोकळ्या.

"एक बॅच देतो," सुभेदार म्हणाले होते. "पायाचं हाड मजबूत निघालं तर शेड तुजी. न्हाई तर तितंबी पिंजरं. आन् निवाडा बशीर करंल."

सुभेदारांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. संयोगिताचा नवरा उदयसिंह तिकडे सीमेवर. त्यानं फोनवरच हात झटकले. दीड वर्ष ती त्या शेडमध्ये राबली, आणि त्या कोंबड्यांवर तिचा जीव जडला हेही खरं.

बॅच संपली त्या सकाळी दोन्हीकडच्या दहा-दहा कोंबड्या पाट्यांत झाकून दुकानात आल्या. सुभेदार पाटी उघडायला गेले, तर बशीरनं हात आडवा केला.

"आवं सुभेदार, मला दावू नका. पिंजऱ्यातलीची नखं वाढल्याली आसत्यात, मी लांबनंच वळखीन. मग न्याव कसला?"

त्याच्या मुलानं, अजमलनं, मागच्या बाजूला कोंबड्या कापून, सोलून, पंजे काढून आणल्या. कुठली कोंबडी कुठल्या शेडमधली ते फक्त अजमलला ठाऊक. बशीरनं एकेकीची तंगडी सोडवली आणि हाडावर सत्तूर टाकायला सुरुवात केली. काही हाडं पहिल्याच घावाला वाळल्या काटकीगत मोडली, वर त्यांच्या चिपाही उडाल्या. काहींना दुसरा घाव लागला. पहिल्या घावाला मोडलेली तो त्या-त्या कोंबडीसकट उजवीकडं टाकत गेला, चिवट निघालेली डावीकडं. संयोगिता भिंतीला टेकून उभी होती.

"डावीकडली हिंडल्याली, उजवीकडली बसल्याली," बशीर म्हणाला. अजमलनं मान हलवली. वीसच्या वीस बरोबर.

सुभेदारांनी टोपी सारखी केली आणि "चहा सांगून येतो," म्हणत बाहेर पडले. हरल्यावर माणसाला चहा आठवतोच. संयोगिताला हसू आवरेना.

बशीर मात्र हसला नाही. त्यानं डावीकडच्या एका कोंबडीची छाती तिच्यापुढं धरली. "हितं बोट फिरव, पोरी."

मधलं हाड वाकडं होतं. मोडून पुन्हा जुळल्याची गाठ बोटाला लागत होती. तशा तिच्या दहातल्या सहा निघाल्या, पिंजऱ्यातल्या दोनच.

"दांड्या किती उंच हायत?"

"सात फूट," ती म्हणाली. गावठी कोंबड्या चिंचेवर चढून बसतात, म्हणून तिनं यांनाही उंच जागा दिली होती. पण ही जात अंड्यासाठी वाढवलेली. तिला चढता येत होतं, नीट उतरता येत नव्हतं. उडी मारताना त्या खालच्या दांडीवर छातीनं आदळत होत्या, आणि संयोगिता त्याला खेळ समजत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पैज पायाची हुती," बशीर हळूच म्हणाला. "ती तू जिकलीस. छातीचं मी बोलणार न्हाई. तुजं तू बग."

सुभेदार चहा घेऊन आले. संयोगितानं ग्लास हातात घेतला, खाली ठेवला. एका शब्दानं शेड हातची जाईल, हे तिला लख्ख कळत होतं. आणि न बोलावं, तर पुढच्या दोनशे कोंबड्या तिच्याच दांड्यांवर छाती फोडून घेतील.

"आबा, हे बगा," म्हणून तिनं कोंबडी पुढं केली आणि दांड्यांपासून सगळं सांगितलं.

सुभेदारांनी दहाही छात्यांवरून बोट फिरवलं.

"आमच्या ट्रेनिंग सेंटरला भिंतीवरनं उडी मारताना रंगरूटाचा पाय मोडायचा," ते म्हणाले. "म्हणून मैदान कुणी बंद केलं न्हाई. भिंत खाली घेतली, उतार केला. दांड्या तीन फुटावर घिऊ. बांबूच्या शिड्या मी बांधतो."

"म्हंजी शेड...?"

"शेड तुजी व्हतीच, पैज जिकलीस की." त्यांनी चहा संपवला. "मोठ्या शेडचं पिंजरंबी काढाय लागत्याल. ती दोन हजार कुणाच्या हवाली करावी, ह्येच मला उमगत नव्हतं. आपल्याच कोंबडीचं वंगाळ जी तोंडानं सांगती, तिच्या हाती द्यायला मला भ्या न्हाई."

संयोगितानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि बशीरनं रश्शाच्या तंगड्या बांधायला घेतल्या.