कागदाचा अंगरखा

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या अंधाऱ्या कोठीत भिंतीला टेकून उभी असलेली मी एक जुनी फौजी बंदूक आहे. माझ्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे. एक दिवस मला भट्टीत घालतील म्हणे. त्याआधी थोडं बोलून घेते.

माझा जन्म परमुलखातला. लढाया संपल्यावर मी परवान्यासकट विट्याजवळच्या एका गावात, आकाराम आबांच्या आजोबांच्या घरी आले. दसऱ्याला गावच्या खाणीत कोहळा ठेवायचा, मी तो फोडायचा, मगच गाव सोनं लुटायला शीव ओलांडणार. आजोबांनी सांगून ठेवलं होतं, "जवर कोहळा फुटतोय, तवर बंदूक घरात. चुकली की सरकारात जमा करायची." त्या शब्दावरच माझं आयुष्य टांगलेलं होतं.

माझी गोळी मऊ शिशाची. तिला उघडी माझ्या नळीत सोडायची नसते. ओल्या पातळ कागदाचे वेढे तिला घट्ट द्यायचे, बुडाशी पीळ घालायचा आणि वाळू द्यायचं. मग गोळीला फिरवत सरळ नेणाऱ्या नळीतल्या नाजूक खाचांना कागद लागतो, शिसं लागत नाही. तोंडाबाहेर पडताच कागद गळून जातो आणि गोळी सरळ जाते.

हे काम आबांच्या कारभारीण रंगुबाई करायच्या. देवळातल्या समईच्या वाती वळणारी बोटं ती! देवाचं नाव असलेला कागद त्या कधी घेत नसत. कोरा, चिवट कागद रामगोंडांच्या दुकानातून आणायच्या. रामगोंडा जैन, पापभीरू माणूस.

"वैनी, ह्यानं जीव मारायचा न्हाई हां."

"कोहळा फोडायचाय, रामगोंडा!"

"त्योबी जीवच की!" असं म्हणत ते तोंड फिरवून कागद द्यायचे.

कागद गुंडाळताना बाईंच्या ओठांवर कालच्या कीर्तनातली चाल असायची. "आवं, बुवा सांगत्यात, देह म्हंजे अंगरखा. सुटायच्या येळंला टाकायचाच. ही गोळीबी तसंच करती बगा."

"तुझ्या बंदुकीतबी कीर्तन!" आबा हसायचे.

एका श्रावणात बाईंनीच आपला अंगरखा टाकला. मागे तांब्याच्या डबीत त्यांनी गुंडाळलेल्या दोनच गोळ्या उरल्या. आबांनी ती डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज तिला हळदीकुंकू वाहू लागले.

दसऱ्याला मुलगा कृष्णात आला. कोइमतूरला त्याचं सोनं गाळायचं दुकान. तो म्हणाला, "आबा, डबीत गोळ्या हायत की."

"तिच्या हातच्या हायत त्या. उडवून टाकू व्हय?"

सून शिवांजली हळूच म्हणाली, "मामंजी, मला दावा की. मीबी वाती वळती."

"तिच्यागत कुणाला जमायचं न्हाई, पोरी."

मग कृष्णातनं शिसं वितळवलं. "मी रोज सोनं गाळतो, शिशाचं काय घिऊन बसलाय? कागद नुसती शोभा." उघडीच गोळी त्यानं माझ्यात घातली. कोहळा फुटला, हलगी वाजली. पण माझ्या खाचांत शिशाचा पातळ थर बसला. तो कुणाला दिसला नाही. पुढचे दसरेही तसेच गेले. दर वर्षी गोळी थोडी थोडी बाजूला जाऊ लागली.

गेल्या दसऱ्याला कोहळा जागचा हललाही नाही. पुन्हा बार झाला. गोळी खडकावर आपटली.

"आबा, हात जोडा कोहळ्याला, दया यिऊन फुटंल!" कुणीतरी ओरडलं. सारी खाण हसली.

आबा तसेच घरी गेले. डबीतली एक गोळी घेऊन आले. मला वाटलं, आता बाई मला तारतील. पण शिशानं खडबडीत झालेल्या माझ्या नळीत तो कागद आतच फाटला. बाईंच्या हातची गोळी भलतीकडेच गेली. शेवटी कोयत्यानं कोहळा फोडून गाव शिवेपार गेलं. कुणी आबांकडे बघितलं नाही.

मग बंदुकीच्या कारागिरानं माझी नळी खरवडली, तेव्हा शिशाबरोबर खाचाही गेल्या. आबांनी आजोबांचा शब्द पाळायचं ठरवलं.

ठाण्यात न्यायच्या आदल्या दिवशी शिवांजलीनं डबीतली उरलेली गोळी उलगडली. कागदाची घडी, पीळ, सारं नीट निरखलं. मग कोरा कागद ओला करून कृष्णातनं ओतलेल्या एका उघड्या गोळीला गुंडाळला, वात वळावी तसा, अलगद. वाळल्यावर ती आबांच्या तळहातावर ठेवली.

आबांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघितली. "जमलं की गं पोरी," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

ती गोळी माझ्यात कधी गेली नाही. जायला मी उरलेच नव्हते.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे हात असतील. ते हलतायत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, चुका, शिका. हळदीकुंकू मग वाहता येईल. देव्हाऱ्यातली ती डबी आता रिकामी आहे. मी इथं अंधारात उभी आहे. आणि जिला कागद गुंडाळता येतो, तिच्या घरात आता बंदूक नाही.