दाराकडे तोंड केलेलं जहाज

मी जहाज आहे, पण आयुष्यात कधी तरंगलो नाही. हसू नका. दोन डोलकाठ्या, पाच शिडं, सुकाणू, नांगर, सगळं माझ्यापाशी आहे. फक्त समुद्र नाही. एका धडधाकट माणसाच्या कवेत मावेन एवढाच माझा पसारा. गेली साठाहून जास्त वर्षं मी छताला टांगलेला आहे, आणि आता बोलावंसं वाटतंय.

आमच्या डेन्मार्कच्या किनाऱ्यावर चर्चच्या छतातून अशी जहाजं लोंबत असतात. कुणी वादळातून वाचला म्हणून, कुणी आपला माणूस परत आला म्हणून ती टांगतो. या सगळ्या जहाजांचं पुढचं टोक, ज्याला नाळ म्हणतात, ते वेदीकडे असतं. बंदरात शिरणाऱ्या जहाजासारखी ती देवाच्या घरात शिरत असतात. माझं तोंड मात्र दाराकडे होतं. माझी सगळी गोष्ट एवढ्यातच आहे.

मला घडवलं लाऊस ब्राम्सेननं. स्वेनबोर्गच्या गोदीत तो जहाजांचा सुतार होता. बायकोपेक्षा लाकडाशी जास्त बोलतो, असं गावात म्हणत. त्याचा थोरला मुलगा जेप्पे एकोणीस वर्षांचा. कोळसा आणि पीठ घेऊन ग्रीनलंडला जाणाऱ्या जहाजावर तो चढला, आणि भर हिवाळ्यात त्या जहाजाचे बिनतारी संदेश यायचे थांबले. गावात बातमी आली त्या संध्याकाळी लाऊस मुकाट्यानं जेवला. राईची भाकरी आणि खारवलेला मासा, नेहमीचंच. मग चर्चला जाऊन आला आणि ओकचा एक ठोकळा घेऊन बसला.

"काय करतोयस?" त्याची बायको कर्स्टीना म्हणाली.

"नवस बोललोय. पोरगा सुखरूप आला तर देवाच्या घरात जहाज टांगीन."

"अरे, आपण लूथरची माणसं. आपल्यात नवस कुठे असतो?"

"देवाच्या लक्षात आलं नसेल, तर तू कशाला सांगतेस?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी उठली, कपाट उघडलं आणि जेप्पेचा पांढरा सदरा काढला. चौदाव्या वर्षी धर्मदीक्षेसाठी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला तेव्हा त्यानं तो घातला होता. माझी पाचही शिडं त्या सदऱ्याची आहेत. एका शिडाच्या कडेला काजाची शिवण अजून दिसते.

बर्फ वितळायच्या सुमाराला मी तयार झालो. जेप्पे आला नाही. आला तो जहाजाच्या मालकांचा माणूस, टोपी हातात घेऊन. फळकुट नाही, बूट नाही, काहीच सापडलं नव्हतं. आता लाऊस मला शेगडीत घालणार असं शेजाऱ्यांना वाटलं. खरं सांगतो, मलाही वाटलं. त्यानं मला उचललं आणि पाद्री हाउकसाहेबांच्या दारात नेऊन उभं केलं.

"लाऊस, तुझा नवस काही फळला नाही," पाद्री हळूच म्हणाले. "तुझ्यावर कसलं बंधन नाही."

"अजून फळला नाही, असं म्हणा. जहाज टांगा. पण मुलगा आत आला नाही, तर जहाज तरी आत कसं येईल? तोंड बाहेर ठेवा. तो आला की मी स्वतः फिरवीन."

पाद्रींनी वाद घातला नाही. बापाशी कुठे वाद घालायचा आणि कुठे नाही, हे त्यांना कळत होतं.

गोदीतल्या सहा जणांनी मला फळीवर ठेवून खांद्यावरून चर्चपर्यंत नेलं. बंदर, वाकड्या घरांची गल्ली, बाजारचौक, आणि मग चढावरचं लाल चर्च. दुकानांवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवलेले होते. मागून लाऊस चालत होता, आणि आईचा हात धरून नऊ वर्षांची आग्नेते, जेप्पेची बहीण. समुद्र मी तेव्हा पाहिला तो तेवढाच, खांद्यांच्या उंचीवरून, पाठमोरा जाताना.

वर्षं गेली. लाऊस रविवारी यायचा तो वेदीकडे पाहण्याआधी माझ्याकडे पाहायचा, मग दाराकडे. दार करकरलं की त्याची मान वळायची. मरताना तो मुलीला एवढंच म्हणाला, "जहाजाची घाई करू नकोस." पुढे कर्स्टीनाही गेली. दाराकडे पाहायला आग्नेते आणि मी, असे दोघेच उरलो.

आग्नेतेनं लग्न केलं नाही. शाळेत भूगोल शिकवला, आणि नंतर पाहुण्यांना पायी गाव दाखवायचं काम धरलं. काठीला निळा रुमाल बांधून ती पुढे चालायची, मागे वीसेक माणसं. ज्या घरातलं कुणी तिच्याबरोबर चाललं नाही, असं घर या गावात नसेल. तिची वाट म्हणजे माझ्या मिरवणुकीची वाट, फक्त उलटी. ती चर्चपासून सुरू व्हायची आणि बंदरावर संपायची.

माझ्याखाली आल्यावर कुणीतरी विचारायचंच, "याचं तोंड उलट का?"

"सुतार चुकला," ती म्हणायची. "शुक्रवारची दुपार असणार. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी कुणाचंच कामात लक्ष नसतं."

माणसं हसायची, फोटो काढायची आणि पुढे जायची. मला राग आला नाही. परक्यांच्या पानात रोज वाढावं असं ते दुःख नव्हतंच. विनोदाचं झाकण घालून तिनं ते नीट ठेवलं होतं, इतकंच.

मग चर्चचं छत गळायला लागलं, माणसं यायची थांबली आणि चर्चला कुलूप लागलं. मला बंदरावरच्या जहाजांच्या संग्रहालयात हलवलं. तिथे होकायंत्रं आहेत, फुटके दिवे आहेत, आणि टोकाच्या भिंतीवर आमच्याच चर्चमधलं वेदीवरचं चित्र आहे. मला टांगताना आग्नेते शिडीखाली उभी राहिली आणि कामगारांना म्हणाली, "तोंड दाराकडे. विचारू नका." त्यांनी विचारलं नाही. ते दार थेट धक्क्यावर उघडतं. मला ती जागा आवडली.

त्यानंतर संग्रहालयावर नवा प्रमुख आला, ट्यूगे. भला माणूस, जरा जास्तच भला. आग्नेतेबरोबर तो दोनदा गाव फिरला, आणि सुताराच्या चुकीवर दोन्ही वेळा पोट धरून हसला. तिची शेवटची फेरी ठरली तेव्हा तिला काहीतरी भेट द्यावी, असं त्याच्या मनात आलं. त्या सकाळी त्यानं शिडी लावली आणि मला फिरवून माझं तोंड वेदीच्या चित्राकडे केलं. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. दार माझ्या पाठीशी गेलं.

दुपारी आग्नेते पाहुण्यांना घेऊन आत आली. बोलता बोलता तिनं सवयीनं वर पाहिलं आणि तिचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

"बघितलंत?" ट्यूगे हसत पुढे झाला. "तुमच्या सुताराची चूक शेवटी आम्ही दुरुस्त केली."

ती बाकावर बसली. निळा रुमाल मांडीवर पडला. कुणीतरी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

"तो सुतार माझा बाप होता," ती म्हणाली. "आणि तो चुकला नव्हता."

मग तिनं सगळं सांगितलं. जेप्पे, नवस, सदरा, पाद्री. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. गावाचा इतिहास सांगावा तसं सांगितलं. ट्यूगेचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला माफ करा, आग्नेते. आत्ता फिरवतो." तो शिडीवर चढलाही. त्याचा हात माझ्या कुशीला लागला.

"थांब."

ती उठून माझ्याखाली येऊन उभी राहिली. मला वाटलं, म्हणावं, फिरव, मला दाराची सवय आहे. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की मी फार दमलोय.

"तो आला की फिरवीन, असं बाबा म्हणाले होते," ती म्हणाली. "बाबा गेले. आई गेली. मी गेल्यावर त्याची वाट बघायला कोण आहे? येऊ दे त्याला घरी. पण असं शिडीवर चढून भिंगरीसारखं फिरवून नाही. दारातून येऊ दे."

"संग्रहालयातली वस्तू बाहेर न्यायची परवानगी नसते," ट्यूगे पुटपुटला. मग त्यानंच मला आकड्यावरून काढलं आणि छातीशी धरून धक्क्यावर आणलं.

बाहेर वारा होता. माझी शिडं, म्हणजे जेप्पेचा सदरा, पहिल्यांदा फुगली. आग्नेते दगडी पायऱ्या उतरली, गुडघ्यांवर हात ठेवत पाण्यापर्यंत वाकली, ओंजळ भरून आणली आणि ओल्या तळहातानं माझं पोट पुसलं. खारं, थंड पाणी होतं. जहाजाला पाणी लागणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"जेप्पे," ती म्हणाली, "पुरे झाला आता समुद्र. चल."

ट्यूगे पुढे, ती मागे, आणि तिच्यामागे ती परकी माणसं. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. फोटो कुणी काढला नाही. नाळ पुढे करून मी दारातून आत आलो.

आता मी इतर जहाजांसारखाच, वेदीच्या चित्राकडे तोंड करून टांगलेला आहे. नवी गाइड मुलगी माझ्याखाली थांबतही नाही. थांबण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्या पोटावर मिठाचा एक पांढुरका डाग आहे, आणि तो पुसायचा नाही असं ट्यूगेनं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुमच्या गावात कुणी उंबऱ्यापाशी दिवा ठेवत असेल, एक ताट जास्तीचं मांडत असेल, तर त्याला वेडा म्हणू नका, आणि शहाणपणानं ते ताट उचलूही नका. ज्यानं मांडलं त्यालाच उचलू द्या.

आग्नेते गुरुवारी येते. थर्मासमधली कॉफी घेऊन त्याच बाकावर बसते. मधूनच दार उघडतं, वारा येतो, माणसं येतात. ती मान वळवत नाही. दाराकडे पाठ करून ती निवांत कॉफी पिते.